आईला मानवेल असा देश

१२ जानेवारी

ताई,

फोनवर हे बोलता येत नाही, म्हणून पत्र. फोन वाजला की आई काठी टेकत बाहेर येते, स्पीकर लावायला लावते, आणि मग आपण दोघी काय बोलणार, तर हवा कशी आहे आणि जेवलीस का. हे पोचलं की फोनवर नुसतं 'मिळालं' म्हण. मला कळेल.

खुब्याचं हाड जुळलं आहे. डॉक्टर म्हणतात, चालवा. आम्ही चालवतो, म्हणजे मीच चालवते. आमचे हे दोन पावलं हात धरतात, की लगेच त्यांना बाहेरचं काहीतरी काम आठवतं. तिसरा मजला, लिफ्ट नाही, तुला माहीतच आहे. पडल्यापासून ती खाली उतरलेली नाही. तिला संडासला नेणं, आंघोळ घालणं, कूस बदलणं सगळं माझ्याकडे. गिऱ्हाइकं बाहेरच्या खोलीत पँटी आणि पडदे घेऊन उभी असतात आणि आतून हिची हाक येते. काल एका माणसाच्या पँटीचा डावा पाय बोटभर आखूड कापला मी. तो बिचारा हसला, आणि मलाच रडू फुटलं.

हेही मी मुकाट्याने केलं असतं गं. पण तिचं तोंड. उठल्यापासून तुझ्या सुखाचा पाढा सुरू. तिकडे नळाला तोंड लावून पाणी प्यावं. तिकडे रस्त्याच्या कडेला नुसतं उभं राहिलं तरी मोटारी थांबतात. तिकडे म्हाताऱ्या माणसाला चढता यावं म्हणून बस खाली वाकते. बस वाकते हे तर ती पँटीची चेन बदलून घ्यायला आलेल्या माणसालाही बसवून सांगते. मी भात वाढला की म्हणते, थोरली कसा मोकळा शिजवते. अगं, तिच्यासमोर तू शेवटचा भात कधी शिजवलास? पंधरा वर्षं झाली तुला जाऊन.

लहानपणी माझ्या अंगाला नवा फ्रॉक लावून बघायची आणि म्हणायची, थोरलीला शोभला असता. तेव्हापासून मी ऐकतेच आहे. बाबा गेल्यापासून तर ऐकायला मी एकटीच उरले.

म्हणून म्हणते, एवढं सगळं तिकडे आहे तर तिला ने. कायमची ने असं मी म्हणत नाही. पण तुमच्याकडे लिफ्ट आहे, घरी येणाऱ्या नर्स आहेत, बाल्कनीत खुर्ची आहे. तूच लिहिलं आहेस सगळं. इथे काय आहे? धूळ, जिना आणि मी.

छोटी

४ फेब्रुवारी

छोटे,

मिळालं. फोनवरही म्हणाले, पण तुझा आवाज एवढा पडला होता की लगेच लिहायला बसले.

तू आईचं जे करतेस ते मी जन्मात करू शकले नसते, हे आधी लिहून टाकते. पण तुझं पत्र वाचून हसूही आलं. अगं, पत्रात माणूस चांगलंच लिहितो. फोटो काढताना पोट आत घेतोच ना आपण. बस वाकते हे अगदी खरं. पण वाकलेल्या बसमध्ये चढून जायचं कुठे? आमच्या वरच्या मजल्यावरचा माणूस गेला, तो वास आल्यावर कळला आम्हाला. शेजारीण जिन्यात भेटली तर हसते, पण तिचं नाव मला अजून माहीत नाही. डॉक्टर उत्तम, नावाजलेले, पण आज दुखलं म्हणून फोन करावा तर दोन महिन्यांनंतरची वेळ देतात. तुमचा डॉक्टर पायात सपाता घालून जिना चढून येतो. हिवाळ्यात तर दुपारीच दिवे लावावे लागतात. मला चाळिशीत गुडघ्यांचं दुखणं लागलं, तर तिच्या हाडांचं काय होईल?

मी चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत दिवसभर काचा घासते. तुझे भावजी बस चालवतात, त्यांच्या पाळ्यांचा काही नेम नसतो. तुझा भाचा वेगळा राहायला गेला, त्याची आठवण म्हणजे रविवारचा फोन. घर दिवसभर रिकामं. आई बोलेल कुणाशी, भिंतीशी?

तुमच्याकडे माणसं आहेत, ऊन आहे. बाहेरच्या खोलीतली तुझी गिऱ्हाइकं म्हणजे तिची भरलेली सभा. खरं जगणं तिकडेच आहे, छोटे. मला ते कळायला एवढी वर्षं लागली. ह्या वयात तिला मुळासकट उपटू नये असं वाटतं. वाटलं तर तिलाच विचार, तीच नाही म्हणेल.

ताई

१ मार्च

ताई,

विचारलं. हो म्हणाली.

थोरलीने बोलावलंय, रोज आग्रह करतेय, असं सांगितलं मी तिला. तर म्हणाली, मला माहीतच होतं. दुपारपर्यंत तिन्ही मजल्यांवर बातमी पोचली. समोरच्या बाईला तिने आपल्या कपबशा देऊन टाकल्या, तिकडे सगळं असतं म्हणून. आता नाही म्हणायचं असेल तर तूच म्हण. फोनवर म्हण, स्पीकर चालूच असतो.

आणि खरं जगणं इकडे असेल तर तू का नाही परत येत? आमच्या खाली दोन खोल्या रिकाम्या आहेत. पाणी एक दिवसाआड येतं, पण शेजाऱ्यांची नावं सगळ्यांना माहीत आहेत, आणि कोण कधी मेलं तेही त्याच दिवशी कळतं.

पंधरा वर्षं तू पोट आत घेऊन फोटो पाठवलेस. आता सोड. आई बघायला येतेय.

छोटी

२० मे

छोटे,

तू जे केलंस त्याला नाव मी नंतर शोधेन. नाही म्हणायचं धाडस माझ्यात नव्हतं, हे तू बरोबर हेरलंस. आई येऊन महिना होऊन गेला.

पहिले चार दिवस तिने सगळं पाहून घेतलं. नळाला तोंड लावलं. बस वाकताना पाहिली, टाळ्या वाजवल्या, बसमधली माणसं बघायला लागली. मग पाचव्या दिवसापासून जे सुरू झालं ते तुला सांगायला मी आज मुद्दाम रजा काढून बसले आहे.

छोटी असं करत नाही. हे ऐकते मी सकाळपासून. छोटी आंघोळीचं पाणी आधी आपल्या मनगटावर घेऊन बघते. छोटी इस्त्री गरम करून, चौपदरी फडक्यातून गुडघे शेकते. छोटी भात मऊ शिजवते, दात नसलेल्या माणसाला चालेल असा. तुझा तो जिनासुद्धा तिला आता आवडायला लागला आहे. म्हणते, पावलांवरून कळायचं कोण येतंय, इथल्या लिफ्टला पायच नाहीत. रविवारी तिला तलावाकाठी घेऊन गेले. फुलं, बाकं, बदकं, सगळं होतं. बाकावर बसवताना तिला कळ आली, आणि म्हणाली, छोटी बसवते तेव्हा दुखत नाही.

तुझा मला हेवा वाटतो, आणि हे लिहायची लाजही वाटत नाही. मी तिला इथे आणलं तर निदान मला तरी बरं म्हणेल, असं कुठेतरी वाटत होतं. तुझ्या तोंडावर ती हे कधी म्हणाली नसेल, मला ठाऊक आहे. समोरच्या माणसाला चांगलं म्हणायचं ह्या बाईला येतच नाही. जी लांब असते तिचंच कौतुक. म्हणून मी लिहून कळवते. नाहीतर तुला कोण सांगणार?

दिवसभर घरात एकटी असते. मी संध्याकाळी दार उघडते तेव्हा ती दाराकडेच बघत बसलेली असते.

ताई

१४ जून

ताई,

शाब्बास.

पत्र मशीनवर बसूनच वाचलं. वाचता वाचता पाय थांबला. पुन्हा वाचलं. खोटं कशाला बोलू, ह्यांना हाक मारून वाचून दाखवणार होते. मग शेवटची ओळ वाचली, दाराकडे बघत बसते, आणि डोक्यात लख्ख उजेड पडला. फेब्रुवारीत तू आमच्या उन्हाचं कौतुक केलंस, तेव्हा तुला आई नको होती. आता माझ्या हाताचं कौतुक करतेस, म्हणजे तुला ती परत पाठवायची आहे. पायघड्या घालायची तुझी पद्धत मला पाठ झाली आहे.

इस्त्रीचं तुला समोरच्या बाईने सांगितलं असणार. तिचा आणि तुझा फोन चालतो, मला माहीत आहे. ज्या बाईने इतक्या वर्षांत मला एकदा 'बरं केलंस' म्हटलं नाही, ती तिकडे जाऊन माझी आरती ओवाळते, हे तू कुणालाही सांग, मला सांगू नकोस. आईच्या तोंडी असली वाक्यं घालायला तुझी जीभ तरी कशी वळली? मला लोणी लावायचं तर दुसरं काहीतरी शोध.

आणि तिची खोली आता खोली राहिलेली नाही. दुसरं मशीन घेतलं, कापायचं टेबल आत बसवलं. पलंग विकला.

छोटी

९ जुलै

छोटे,

भांडायला वेळ नाही. जे आहे ते लिहिते.

आई जेवत नाही. चहात बुडवून बिस्किट, बस. सकाळी आम्ही निघायच्या आधी पायात बूट घालून, पिशवी मांडीवर घेऊन लिफ्टसमोर खुर्ची टाकून बसते. कुठे निघालीस म्हटलं की म्हणते, घरी. संध्याकाळी मी येते तेव्हा तिथेच असते. शेजारणीने तक्रार केली, येण्याजाण्याची वाट अडते म्हणून. हसणारी तीच शेजारीण.

मी तुला सगळं खरं सांगते, मग तरी विश्वास ठेव. बाल्कनी दोन हात रुंद आहे आणि समोर भिंत आहे. फोटो मी तिरका काढला होता. घरी येणारी नर्स आठवड्यातून एकदा येते, घड्याळ लावून येते, आणि बोलत नाही. इथे सगळं आहे, पण आईला लागतं त्यातलं काहीच नाही. तुझं मी जे लिहिलं त्यातला शब्द न शब्द तिचा होता. मी फक्त उतरवून घेतला. काल तर म्हणाली, छोटीला सांग, मी तिला त्रास नाही देणार, मी आता ओरडत नाही.

टेबल बाहेर काढ. मी स्वतः येऊन सोडते. तुझ्या पाया पडते, छोटे. तुझ्यापेक्षा मोठी असून पडते.

ताई

३ ऑगस्ट

ताई,

टेबल बाहेर निघणार नाही, दारातून आत घेतानाच चौकट काढावी लागली होती.

तिकडे लिफ्ट आहे, इथे जिना. तिकडे पाणी, इथे एक दिवसाआड. जीवनमान तिकडचं चांगलं, हे मी म्हणत नाही, तू म्हणत आलीस. मग म्हाताऱ्या माणसाला चांगल्या ठिकाणी ठेवायचं की वाईट? जेवत नाही म्हणतेस, इथेही रुसली की दोन दोन दिवस जेवायची नाही. हवा मानवायला वेळ लागतो.

आणि आता खरं बोलायचंच चाललं आहे तर ऐक. ती गेल्यापासून मला बरं वाटतं. माझ्या भाताला कुणी नाव ठेवत नाही. मी गाणं म्हणत शिवते. पंधरा वर्षं तू मोकळी होतीस, आता थोडे दिवस मी आहे. मला पाया वगैरे पडू नकोस, तुला ते शोभत नाही.

छोटी

३० ऑक्टोबर

छोटे,

तुला कळवायचं कर्तव्य म्हणून कळवते. आईला ठेवलं आहे. वृद्धांचं घर आहे, शहराबाहेर, आमच्याकडून दोन बस बदलून. तू जीवनमानाचं म्हणाली होतीस, तर त्याचं सगळं सांगते. फरशी अशी की तोंड बघावं. पलंग बटणाने वरखाली होतो. चादरी रोज बदलतात. भिंतींना धरायला दांड्या आहेत. आपल्या दोघींच्या सगळ्या आयुष्यात आपण असल्या खोलीत राहिलो नाही.

तिथे तिची भाषा कुणाला येत नाही. आणि एक गंमत सांगते. आई तिथल्या कामाच्या बाईला बोलवायला हात करते, आपण करतो तसा, तळवा खाली आणि बोटं हलवत, ये ये. इथल्या लोकांत तसा हात केला की त्याचा अर्थ जा असा होतो. त्यामुळे ती जिला बोलावते ती बाई हसून, हात हलवून, दार ओढून निघून जाते. आई आणखी जोरात हात हलवते, ती आणखी लांब जाते. पहिल्या आठवड्यात मी बाहेरून काचेतून पाहिलं, तेव्हा माझ्या लक्षात आलं.

मुख्य बाई मला म्हणाल्या, तुमच्या आईला एकांत आवडतो, कुणी जवळ आलेलं चालत नाही. म्हणून त्यांनी तिला टोकाची एकटीची खोली दिली, मोठ्या खिडकीची. अशा खोलीसाठी लोक वर्षवर्ष थांबतात. मी काही बोलले नाही. सांगितलं असतं तर परत चौघींच्या खोलीत टाकली असती, आणि मग रोज मला फोन आले असते, तुमची आई काय म्हणतेय ते येऊन सांगा. माझी कामावरची रजा केव्हाच संपली आहे.

रविवारी जाते. मलाही हात करते. मी जवळ जाऊन बसते, तर तुझ्याबद्दल विचारते. मी सांगते, छोटी मजेत आहे, गाणं म्हणत शिवते.

ताई

६ जानेवारी

ताई,

फोनवर तू एवढंच म्हणालीस, गेली, झोपेत गेली. आणि मी मूर्खासारखं विचारलं, तिकडे थंडी फार आहे का. फोन ठेवल्यावर मला जे विचारायचं होतं ते आठवलं. पण परत लावायची हिंमत होईना.

मिस्त्री बोलावून मी चौकट काढली आणि टेबल बाहेर घेतलं. कशासाठी ते ह्यांनी विचारलं, मला सांगता आलं नाही. खोली रिकामी आहे. गिऱ्हाइकं विचारतात, आजी कशा आहेत, तर मी म्हणते, तिकडे आहेत, मजेत आहेत. परवा एकाला बस वाकते हेही सांगितलं.

तुझं मेमधलं पत्र काढून वाचते आहे. ते मी फेकलं नव्हतं, कुठेही फेकलं नव्हतं. ताई, मी तुला जे बोलले ते बोलले. तुला हवं ते तू मला बोल, मी चांडाळीण आहे म्हण, आयुष्यभर तोंड बघू नकोस. जुलैमध्ये तू पाया पडलीस आणि मी टेबलाचं कारण सांगितलं. मला ते उठता बसता आठवतं. जेवण जात नाही.

फक्त एक सांग. तिने ते खरंच म्हटलं होतं का? पाण्याचं, भाताचं, मी बसवते तेव्हा दुखत नाही ते. एक ओळ लिही, हो म्हणून. मला बाकी काही नको. तू हो म्हटलंस तर मी जगेन कशीबशी.

तुझी छोटी

११ फेब्रुवारी

छोटे,

उत्तराला उशीर झाला. तिचं सामान आवरायचं होतं. फारसं नव्हतंच. बूट कोरे होते, ते तिथेच एका बाईला दिले. शाल आणि चष्मा पार्सलने पाठवते आहे. चष्म्याची काच मीच बसवली होती, जपून उघड.

त्या घरातली माणसं फार चांगली वागली. त्या दिवशी सकाळी तिने हात केला होता म्हणे, दोनतीनदा. बाईने तिला एकटं सोडलं, तिला आवडायचं तसं. खोलीत ऊन आलं होतं. मुख्य बाई म्हणाल्या, इतकी शांत म्हातारी आम्ही पाहिली नाही.

आता तू विचारलंस त्याचं. माझ्यावर विश्वास ठेव म्हणून मी तुला जुलैमध्ये लिहिलं होतं, तू ठेवला नाहीस. आज तू आपण होऊन ठेवायला तयार झालीस, तर मी खोटं बोलणार नाही. मेमधलं पत्र मी रचलं होतं. पाण्याचं, भाताचं, तलावाचं, सगळं. तू तेव्हाच अचूक ओळखलंस, तुला लोणी लावून तिला परत पाठवायची होती. तू हुशारच आहेस, आई नेहमी म्हणायची की नाही ते मात्र मला आठवत नाही.

आईला ही हवा मानवली होती. इथलं सगळं तिला आवडलं. परत जायचं ती एकदाही म्हणाली नाही, आणि इथे आल्यापासून तिने तुझं नाव काढलं नाही.

ताई